फ्रिंजला मराठी नाटक न्यायचंय: पन्नास मिनिटांत 'बदल' बसवायचा कसा?

सांगली_ते_लीड्स

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लीड्समध्ये आम्ही सात-आठ हौशी मंडळी दरवर्षी गणपतीत काहीतरी करतो. गेल्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःचं नाटक केलं, 'ओळ बदला'. लेखन मीच केलंय. मिरजेतला एक टायपिंग क्लास, त्याचे मालक आप्पा, त्यांची मुलगी आणि शेवटच्या बॅचची एकुलती एक विद्यार्थिनी, एवढी तीनच पात्रं. सरकारने मशीनवरची परीक्षा बंद करून कॉम्प्युटरवरची आणली आणि आप्पांच्या बारा मशीनचं काय करायचं, हा पेच. ज्यांनी मशीनवर टायपिंग केलंय त्यांना आठवत असेल, ओळ संपत आली की टिंग करून घंटी वाजते. आप्पा आयुष्यभर पोरांवर ओरडत आलेत, "घंटी झाली, ओळ बदला!" आणि आता त्यांचीच घंटी झालीय. शेवटी आप्पा बदल स्वीकारतात, कॉम्प्युटर आणतात, नवी बॅच सुरू होते, पडदा.

प्रयोग चांगला झाला. अर्थात गणपतीत दीडशे मराठी माणसं, वर मसालेभात, तिथे काहीही चांगलंच होतं. पण आता एकाने डोक्यात किडा सोडलाय की पुढच्या ऑगस्टमध्ये हे स्कॉटलंडमधल्या एडिंबरा फ्रिंज या नाट्यमहोत्सवाला नेऊया. माझे प्रश्न:

नाटक एक तास पन्नास मिनिटांचं आहे, मध्यंतर धरून. तिथे म्हणे तासाभराचीच वेळ मिळते. कापायचं कुठे?

मराठीतच करावं की इंग्रजीत? की मराठी आणि वर इंग्रजी अक्षरं?

आप्पांचं काम करणारे काका सांगलीहून येतात. त्यांच्या व्हिसाचं काय?

आणि पैसे किती बुडतील, हे कृपया हळुवारपणे सांगा.

गप्पिष्ट

अभिनंदन! पुढच्या रांगेत रुमाल टाकून ठेवतोय.

मध्यंतरप्रेमी

मध्यंतर कापणार? म्हणजे बटाटेवडा नाही? मग त्याला नाटक का म्हणायचं, व्याख्यान म्हणा.

विंगेतलं_भूत

ताई, मी एका इंग्रजी नाटकाबरोबर तिथे पूर्ण महिना काढलाय. ध्वनी मी पाहायचो, दिवेही मीच, आणि दुपारी पत्रकं वाटायलाही मीच. त्यामुळे जरा लांबण लावतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. तिथे तुम्हाला कोणी 'निवडत' नाही. १९४७ साली एडिंबराचा मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव पहिल्यांदा भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग लावून मोकळ्या झाल्या. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या पत्रकार-नाटककाराने मुख्य महोत्सवाच्या 'काठाकाठाने' चाललेल्या या उद्योगाबद्दल लिहिलं आणि फ्रिंज हे नाव पडलं. म्हणजे मुळात सगळे आगंतुकच. आजही नियम तोच: जागा मिळवा, नोंदणीचे पैसे भरा, या. त्यामुळे तीन हजारांच्या वर कार्यक्रम असतात आणि तुमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

वेळेचं. तासाची वेळ म्हणजे नाटक पन्नास-बावन्न मिनिटांचं. उरलेल्या वेळात आधीच्या नाटकाचं सामान बाहेर, तुमचं आत, प्रेक्षक आत. आम्हाला नेपथ्य लावायला सात मिनिटं मिळायची आणि त्यातली दोन आधीचा विदूषक स्वतःचे फुगे गोळा करण्यात खायचा. नाटक लांबलं तर दिवे लावून तुम्हाला बाहेर काढतात. मागे दुसरं नाटक बोचकी घेऊन उभं असतं.

पैशाचं. नाटकाने पैसे बुडत नाहीत हो, राहण्याने बुडतात. ऑगस्टमध्ये तिथे खाटेचं भाडं ऐकून माणूस खाटेवर पडतो. त्यात स्कॉटलंडने २०२३च्या ऑक्टोबरपासून थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देण्याला परवाना सक्तीचा केलाय, त्यामुळे लोक पूर्वी सहज खोल्या द्यायचे तेही बिचकतात. जागामालकाशी बहुतेकदा टक्केवारीचा करार असतो, साधारण साठ टक्के तुम्हाला, चाळीस त्यांना. पण खाली बारीक अक्षरांत 'किमान इतके तरी' अशी रक्कम असते. ती ओळ चष्मा लावून वाचा. नाहीतर फुकट प्रयोगांची एक शाखा आहे, पीटर बकली हिल या गृहस्थांनी १९९६ मध्ये सुरू केलेली. जागेचं भाडं नाही, तिकीट नाही, शेवटी दारात बादली धरून उभं राहायचं.

व्हिसा: फ्रिंज तिथल्या सरकारच्या परमिट-फ्री महोत्सवांच्या यादीत असते, म्हणून साध्या व्हिजिटर व्हिसावर कलाकार येऊन प्रयोग करू शकतो. तरी त्या वर्षीची यादी बघा आणि काकांच्या हातात सगळी पत्रं द्या. व्हिसाच्या मुलाखतीत काका 'आप्पां'च्या भूमिकेत शिरणार नाहीत एवढं पाहा.

आमच्या एका प्रयोगाला चार प्रेक्षक होते. त्यातले दोघं पाऊस टाळायला आत आले होते. पाऊस थांबल्यावर गेले.

मध्यंतरप्रेमी

@विंगेतलं_भूत, बादली धरायची असेल तर वडे विकून गल्ला जास्त होईल. साधा हिशेब आहे.

टोरांटोकर

आमच्याकडची पद्धत वेगळी. एडमंटनला १९८२ मध्ये उत्तर अमेरिकेतली पहिली फ्रिंज सुरू झाली, मग विनिपेग, टोरांटो वगैरे. इथे चिठ्ठ्या टाकून नाटकं निवडतात, अक्षरशः लॉटरी. चिठ्ठी निघाली की जागा, तंत्रज्ञ, सगळं महोत्सव देतो आणि तिकिटाचा मूळ पैसा पूर्ण कलाकाराला. पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाला हे जास्त सोसतं असं माझं मत. बोली तुमची, नशीब त्यांचं.

भाषेचं सांगतो. मराठीतच करा. रंगमंचावर वर अक्षरं दाखवायची कल्पना इथल्याच कनेडियन ऑपेरा कंपनीने १९८३ साली पहिल्यांदा वापरली, तेव्हाही लोक म्हणाले होते की नाटक बघायचं की वाचायचं. आता कोणी बोलत नाही. फक्त अक्षरं फिरवणारा माणूस मराठी कळणारा हवा. आमच्या मंडळाच्या एका प्रयोगात नटाने दीड पान गाळलं, अक्षरं फिरवणारा बिचारा प्रामाणिकपणे मागेच राहिला. नट म्हणतोय "आई गेली", आणि वर लिहून आलं, "चहा ठेवू का?" प्रेक्षक हसले, आणि आमच्या नटाला वाटलं आपला विनोद जमला.

गप्पिष्ट

'आई गेली', 'चहा ठेवू का'. हे मूळ नाटकापेक्षा खरं आहे राव. आमच्याकडे असंच झालं होतं.

अस्सल_पुणेरी

स्पष्ट बोलतो, राग नसावा. सांगलीहून माणूस आणायचा, खोल्यांना पैसे ओतायचे आणि चार भिजलेल्या परक्यांसमोर मिरजेची गोष्ट सांगायची, यातून काय मिळणार? पोस्टरवर चिकटवायला चार तारे? तेवढ्या पैशात राज्य नाट्य स्पर्धेच्या तोलाचे पाच प्रयोग होतील. पुण्यात सुदर्शन रंगमंचावर करा, साठ माणसं येतील पण टायपिंग केलेली येतील. 'परदेशी जाऊन आलेलं नाटक' हा शिक्का लागल्याशिवाय आपल्याला स्वतःचं नाटक आवडत नाही, हा जुना रोग.

वेळेचं म्हणाल तर पुरुषोत्तम करंडकाच्या कुठल्याही पोराला विचारा. घड्याळ लावून एकांकिका बसवणं त्यांना तोंडपाठ असतं. दुसरा अंक फेकून द्या, नाटक बहुतेक सुधारेल.

सांगली_ते_लीड्स

@अस्सल_पुणेरी, राग नाही, पण एक दुरुस्ती. आम्ही परदेशी 'जाऊन येणार' नाही आहोत, आम्ही इथेच राहतो. लीड्सहून एडिंबरा म्हणजे सांगलीहून मुंबई. माझा मुलगा इथे वाढतोय, त्याच्या वर्गातल्या पोरांना आणि माझ्या ऑफिसातल्या बायकांना मी दाखवू शकेन असं एकतरी मराठी नाटक असावं, एवढाच हट्ट आहे. ताऱ्यांचं नंतर बघू.

दुसरा अंक फेकण्याबद्दल मात्र नवऱ्याचंही हेच मत आहे. तुम्ही दोघं ओळखता का एकमेकांना?

वडसावाला

पन्नास मिनिटांचं नाटक? आमच्या झाडीपट्टीत, गडचिरोलीकडे, पन्नास मिनिटांत तर अध्यक्षांचं भाषण संपत नाही.

धान कापून झालं की आमच्याकडे मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि नाटक. वडशात नाटक कंपन्यांची दुकानं लागलेली असतात, गावकरी येऊन नाटक 'बुक' करून जातात. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे सुटते. घोंगडी पांघरून बाया-माणसं, लेकरं झोपलेली. विषय कुठलाही असो, सासू-सुना, जमीन, दारू. आणि 'बदल'ही येते बरं. मोबाईल आला तेव्हा दोन वर्षं प्रत्येक नाटकात मोबाईल होता.

सांगायचा मुद्दा, तिथले प्रेक्षक जर रात्रीतून चार नाटकं बघत असतील तर मानसिकता आमच्यासारखीच असणार. फक्त घोंगडी न्या, पाऊस आहे म्हणतात.

रिबीन

फार क्वचित लिहितो इथे. हा धागा तीन दिवस वाचतोय.

माझ्या वडिलांचा इचलकरंजीत टायपिंग क्लास होता. अकरा इंग्रजी, तीन मराठी मशीन. सकाळी सहाची पहिली बॅच, 'ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे' असा घोष ऐकतच मी उठायचो. गोदरेजने १९५५ मध्ये पहिलं भारतीय बनावटीचं मशीन काढलं, वडील त्याच वर्षी जन्मले, त्यामुळे ते स्वतःला 'मेक पंचावन्न' म्हणायचे. पुढे शिरवळच्या कारखान्यातलं मशीनचं उत्पादन थांबल्याची बातमी पेपरात आली ती त्यांनी कापून काउंटरच्या काचेखाली ठेवली होती. फी-पावती पुस्तकाच्या शेजारी.

ताई, तुमच्या नाटकाचा शेवट वाचला आणि लिहावंसं वाटलं. वडिलांनी बदल 'स्वीकारला' वगैरे नाही. भंगारवाला आला. तो म्हणाला, मशीनचा रबरी रूळ वजनात धरणार नाही, लोखंडाचाच भाव देईन, रूळ काढून द्या. वडिलांनी त्याला हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर बसले, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चौदा मशीनचे रूळ एकेक करून काढले. तीन तास लागले. मधेच एका मशीनचं कॅरेज हाताने सरकलं आणि घंटी वाजली. तर ते म्हणाले, "ह्याचं ऑइलिंग चांगलं राहिलंय." बस, एवढंच. नंतर हात धुतले, जेवले.

एक रूळ आईने ठेवून घेतलाय. वाऱ्याने दार आपटतं, तिथे अडकवते.

नंतर त्यांनी बारा वर्षं काही केलं नाही. पेन्शन नव्हती. माझ्या पगारावर चाललं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही नाही. तुमच्या आप्पांनी पाच मिनिटांत कॉम्प्युटर आणला तो कुठल्या पैशातून, हे तेवढं बघा.

गप्पिष्ट

(टोपी काढली.)

विंगेतलं_भूत

@रिबीन, या तीन तासांवर काही लिहिता येत नाहीये. "ऑइलिंग चांगलं राहिलंय" हे वाक्य मात्र कुठल्याही लेखकाला सुचणार नाही.

मास्तरीणबाई

रिबीन यांच्या वडिलांना नमस्कार. पण दुसरी बाजूही खरी आहे, ती सांगते, म्हणजे सगळ्यांनी एकदम रडायला नको.

माझ्या मामांचाही क्लास होता, बार्शीला. वय साठच्या पुढे. २००१ मध्ये एमकेसीएल आलं, त्यांचा एमएस-सीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स सुरू झाला, तेव्हा गावात जो तो म्हणाला की काका, आता तुमचं दुकान बंद. मामांनी मामीच्या पाटल्या गहाण टाकून चार कॉम्प्युटर आणले. माऊस धरता येईना, तर रोज रात्री पत्त्यांचा खेळ खेळायचे. मामींना वाटायचं म्हातारा जुगारी झाला. पण दोन वर्षांत पाटल्या सोडवल्या. आणि सांगू का, मामांना ते मनापासून आवडलं होतं. चुकलेलं अक्षर खोडता येतं याचा त्यांना एवढा आनंद, की मुद्दाम चुकायचे आणि खोडायचे. चाळीस वर्षं पोरांच्या चुका लाल पेनाने गोल करणारा माणूस.

तेव्हा ताई, तुमचा शेवट खोटा नाही. पण पाटल्या दाखवा.

अस्सल_पुणेरी

आता ही चर्चा नाटकाची झाली. मघापर्यंत पर्यटनाची होती.

माझी अडचण 'बदल स्वीकारा' या भाषेशीच आहे. हल्ली प्रत्येक कंपनीत माणसं काढण्याच्या आधी दोन दिवस याच विषयावर कार्यशाळा असते. मी स्वतः तीन केल्यात. तिसरीनंतर मलाच काढलं. स्वीकार कोणी करायचा आणि बदल कोणी ठरवायचा, ही दोन वेगळी माणसं असतात. तुमच्या नाटकात परीक्षा बंद करणारा कोणी दिसतो का?

सांगली_ते_लीड्स

@अस्सल_पुणेरी, नाही दिसत. एक सरकारी पत्र येतं फक्त. आप्पा ते पत्र बघून म्हणतात, "समास चुकलाय." गणपतीत या वाक्याला सगळ्यात मोठा हशा आला होता. आता रिबीन यांचं वाचल्यावर वाटतंय तो हशा येऊ नये, किंवा उशिरा यावा.

@रिबीन, दोनदा लिहून खोडलं. तुमच्या परवानगीशिवाय यातलं काही वापरणार नाही.

कुडाळकर

नेपथ्याचा विषय कोणीच घेईना म्हणून. सात मिनिटांत बारा टेबलं, बारा मशीन? विसरा.

आमच्या दशावतारात देवळापुढे एक बाकडं असतं. राजा बसला की ते सिंहासन, त्यावर उभा राहिला की पर्वत, उडी मारली की समुद्र. संहिताही नसते, संकासुर आत येऊन जे बोलेल ते. पेटाऱ्यात मावेल तेवढंच नाटक. पेटारा डोक्यावर घेऊन चालत जत्रेला जायचे दिवस होते ते.

एक टेबल, एक मशीन. बाकीची अकरा आवाजात. रेकॉर्डिंग करा, सहाच्या बॅचचं. सगळी बॅच एकदम ओळ बदलते तेव्हा जो आवाज होतो तो पुरे. आणि नेपथ्याचे पैसे वाचले की माशाचं जेवण.

नादखुळा_अभियंता

कोल्हापूरकर हजर.

मला एक खुळी कल्पना सुचलीय, हसू नका. तुम्ही वर इंग्रजी अक्षरं दाखवणारच आहात ना? मग ती लॅपटॉपवरून कशाला? तुमची ती विद्यार्थिनी रंगमंचावर मशीन घेऊन बसलेलीच आहे. आप्पा मराठीत बोलतायत, ती इंग्रजीत टाईप करतेय, मशीनवर एक छोटा कॅमेरा, आणि मागच्या भिंतीवर कागद मोठा दिसतोय. अक्षरं प्रेक्षकांसमोर ठोकली जातायत. आवाज फुकटात.

टोरांटोकर

कल्पना झकास, पण गणित चुकतंय. माणूस साधारण मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द बोलतो. चाळीसची परीक्षा पास झालेली मुलगी चाळीस टाईप करणार. उरलेले शंभर शब्द कुठे जाणार?

नादखुळा_अभियंता

@टोरांटोकर, मालक, तेच तर नाटक! तीन शब्द बोलले की तिला एकच लिहिता येणार. कुठला लिहायचा हे ती ठरवणार. आप्पा पाच मिनिटं सरकारला शिव्या घालतायत आणि ती लिहिते, "He is tired", जे काय ते तीन शब्दांत. मराठी कळणाऱ्याला एक नाटक दिसेल, न कळणाऱ्याला दुसरं.

मास्तरीणबाई

अगं बाई. अंगावर काटा आला. आणि शेवटी शेवटी ती त्यांच्या तोंडी नसलेलंही काही लिहील.

अस्सल_पुणेरी

मान्य करतो की हे सुदर्शनला केलं तर निम्मं वाया जाईल. तिथे मराठी न कळणारा प्रेक्षक आणणार कुठून? मी हे लिहिलंय याची कृपया कोणी नोंद ठेवू नये.

गप्पिष्ट

नोंद ठेवली आहे. स्क्रीनशॉटही.

रिबीन

अभियंता साहेबांच्या कल्पनेत एक अडचण आहे आणि ती मशीनवर काम केलेल्यालाच कळेल. टायपिंगमध्ये अक्षर उमटण्याची जागा हलत नाही, कागद हलतो. कॅमेरा तिथेच रोखला तर भिंतीवर ओळ सारखी डावीकडे सरकताना दिसेल. शिवाय चालू ओळ पट्टीच्या आणि रिबिनीच्या मागे अर्धीमुर्धी झाकलेली असते. वरून बघणाऱ्याला दिसते, समोरच्या कॅमेऱ्याला नीट दिसणार नाही. लिव्हर ओढून कागद वर गेला की मगच आधीची ओळ पूर्ण वाचता येईल.

तेव्हा प्रेक्षक घंटीची वाट बघतील.

आणि ताई, वडिलांचं जे लिहिलं ते घ्या. त्यांना नाटकं आवडायची. रूळ काढण्याचा प्रवेश घेतलात तर स्क्रू ड्रायव्हर उजव्या हातात आणि स्क्रू तोंडात धरायचे, तेवढं काकांना सांगा.

मध्यंतरप्रेमी

मी वड्यांवर काही बोलणार होतो. राहू दे.

विंगेतलं_भूत

तंत्राच्या तीन गोष्टी, विसरायच्या आत. मशीन विमानाने आणू नका, पंधरा किलोच्या आसपास भरतं आणि काकांचे लाडू मागे राहतील. इंग्रजी मशीन इंग्लंडात जुन्या बाजारात सहज मिळेल. कॅमेरा-प्रोजेक्टर जागेत आहे का हे करार करण्याआधी विचारा, आणि किती वेळात जोडता येतो तेही. तिसरं म्हणजे रॉयल माइल या तिथल्या गजबजलेल्या रस्त्यावर पत्रकं वाटाल, तिथे मुलीला मशीनसकट रस्त्यावर बसवा. येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव टाईप करून द्यायचं, मागच्या बाजूला नाटकाची वेळ. छापील पत्रक लोक पुढच्या कोपऱ्यावर टाकतात. स्वतःचं नाव कोणी टाकत नाही.

पावसासाठी छत्री. वडसावाल्यांची घोंगडी चालणार नाही, मशीन गंजेल.

वडसावाला

घोंगडी माणसासाठी सांगितली होती जी, मशीनसाठी नाही.

सांगली_ते_लीड्स

सात महिन्यांनी धागा वर काढतेय.

झालं असं. दुसरा अंक गेला. मध्यंतर गेलं, क्षमस्व. एक टेबल, एक मशीन, एक स्टूल. कुडाळकरांच्या सांगण्यावरून सहाच्या बॅचचा आवाज रेकॉर्ड केला. बारा मशीन मिळाली नाहीत, एकाच मशीनवर बारा वेळा टाईप करून एकावर एक चढवला. काकांना व्हिसा मिळाला. मुलाखतीत त्यांना विचारलं नाटक कशावर आहे, तर म्हणाले, "समासावर."

विद्यार्थिनीचं काम करणाऱ्या मुलीला टायपिंग येत नव्हतं. आमच्याच गटातल्या एका मावशींनी, ज्या सत्तरच्या दशकात साताऱ्याला चाळीसची परीक्षा पास झाल्या होत्या, तिला शिकवलं. पहिले दोन महिने करंगळीने तिला रडवलं. आता मिनिटाला पस्तीस येतात. कॅमेरा रिबीन म्हणाले तसाच वागतो. आम्ही ते लपवायचा नाद सोडला. पहिल्या तालमीत इथल्या ओळखीच्या सहा जणांना बसवलं, एकालाही मराठी येत नाही. दहाव्या मिनिटानंतर घंटी वाजली की सहाही माना एकदम वर जायला लागल्या.

शेवटाबद्दल खूप भांडलो. कॉम्प्युटर नाही, भंगारवालाही दिसत नाही. आप्पा रूळ काढतात, मुलगी शेवटच्या मशीनवर टाईप करतेय, आणि तिच्याच मशीनचा रूळ काढायची वेळ येते. पुढचं सांगत नाही, येऊन बघा. पाटल्या आहेत, मास्तरीणबाई. टेबलावर ठेवल्यात, त्यांच्याबद्दल कोणी काही बोलत नाही.

पूर्ण महिना झेपणार नव्हता. अकरा दिवस घेतलेत, एका चर्चच्या तळघरातली पंचेचाळीस खुर्च्यांची खोली, सकाळी ११.४०. सगळे म्हणाले ही वेळ वाईट. पण स्वस्त होती, आणि काकांना दुपारी झोप लागते.

नाटक त्रेपन्न मिनिटांचं भरतंय. तीन मिनिटं अजून कापायचीत. कुणाला समासाचं वाक्य काढावंसं वाटतं का? मला नाही वाटत.

एक खरोखरची अडचण: मशीनची रिबीन. जी मिळाली ती पुसट उमटते, भिंतीवर अक्षर दिसत नाही. मुलगी जोरात ठोकते तर ओ चं भोक पडतं कागदाला.

अस्सल_पुणेरी

समासाचं वाक्य काढलंत तर मी तिकिटाचे पैसे परत मागेन. काढलंय तिकीट. लेकीकडे मँचेस्टरला येतोच आहे, म्हणून फक्त.

मध्यंतरप्रेमी

११.४० म्हणजे नाश्ता आणि जेवणाच्या मधली वेळ. म्हणजे आपोआप मध्यंतरच. वडे घेऊन येऊ का?

रिबीन

रिबिनीचे दोन डबे आहेत घरी, वरून काळी, खालून लाल. वडिलांच्या कपाटात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. काल उघडून बोट लावून बघितलं, शाई ओली आहे. काका विमानात बसायच्या आधी सांगलीत त्यांच्या हातात देतो. खाजगी निरोपात पत्ता कळवा. आणि मशीनची कंपनी कुठली आहे तेही, रिळाचं भोक बसतंय का बघायला हवं.